फुटामागे 16 डॉलर

रविवारी सकाळी डॉकवर लोखंड कापायच्या करवतीचा आवाज येत होता. दात आंबतील असा. आमच्या समोरच्या स्लिपमधले, म्हणजे बोट बांधायच्या भाड्याच्या जागेतले, गृहस्थ आपल्या बोटीच्या पिछाडीला उकिडवे बसून स्टीलचा एक नळा कापत होते. शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे हात स्थिर आणि घाई अजिबात नाही. कापत होते ते डेव्हिट्स, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर आलेले दोन वाकडे हात. त्यांना छोटी डिंगी टांगून ठेवतात. बोल्ट खाऱ्या हवेने इतके जाम झाले होते की पान्याला दाद देईनात, म्हणून करवत. मी दुसरं टोक धरून उभी राहिले, नाहीतर तुकडा सुटून सरळ पाण्यात गेला असता. काय बिघडलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, बिघडलं काहीच नाही, मरीनाच्या, म्हणजे बोटी ठेवायच्या या तळाच्या, ऑफिसने टेप लावून सगळ्या बोटी नव्याने मोजल्या. कागदावर त्यांची बोट 33 फूट. पण आता पुढचा नांगर ठेवायचा रूळ आणि मागचे डेव्हिट्स धरून एकूण लांबी 38 फूट भरली. दर फुटामागे महिन्याला 16 डॉलर. त्यांची स्लिप 34 फुटांची, डेव्हिट्स गेले की बोट स्लिपच्या मापात बसणार आणि महिन्याचे 64 डॉलर वाचणार. हे डेव्हिट्स त्यांनी स्वतः बसवले होते, मेक्सिकोत ला पाझपर्यंत जायचं म्हणून. दुपारी त्यांनी भोकांत इपॉक्सी भरलं, कडेने निळी टेप चिकटवली, वरून इतकं सफाईने घासलं की तिथे कधी काही होतं असं वाटू नये. कापलेले दोन्ही हात डॉकवरच्या पेटीत ठेवले. टाकून दिले नाहीत.

ते 64 डॉलर माझ्या डोक्यातून जाईनात.

आमची बोटही त्याच डॉकवर आहे. चार कुटुंबांनी मिळून घेतलेली, 1970 च्या दशकातली 27 फुटी कॅटलिना, आणि हिशोब माझ्याकडे असतो. त्यामुळे फुटाचं हे गणित मला तोंडपाठ आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत आज फुटाला महिन्याला साधारण 12 ते 20 डॉलर पडतात, मरीना कुठे आहे आणि धक्के कितपत धड आहेत त्यावर. बोटीची लांबी आणि स्लिपची लांबी यांतली जी जास्त, तिचे पैसे. आमची स्लिप 28 फुटांची, म्हणून महिन्याला 448, वर्षाला 5,376. आम्ही ती बोट याहून कमी पैशांत घेतली होती. त्यावर वीज मीटरप्रमाणे, विमा वेगळा, दर काही आठवड्यांनी पाणबुड्या येऊन तळाचं शेवाळ आणि बार्नेकल खरवडतो तेही फुटाच्या दराने, बोटीचा धातू गंजू नये म्हणून लावलेले झिंकचे गोळे झिजले की नवे. शिवाय काउंटीचा कर. 1 जानेवारीला बोट ज्याच्या नावावर, त्याला तो भरावा लागतो. आणि मरीना सरकारी जागेवर असेल तर पाण्यातल्या त्या भाड्याच्या चौकोनावरही वेगळा कर लागतो, कारण सरकारी जागा तुम्ही एकट्याने वापरता. पहिल्यांदा ते बिल आलं तेव्हा मी दोनदा वाचलं. पाणी, आणि त्यावर मालमत्ता कर!

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती बोटीच्या आणि जागेच्या किमतीतली ही तफावत. 1960-70 च्या दशकांत कॅलिफोर्नियात फायबरग्लासच्या बोटी मोटारींसारख्या साच्यांतून निघाल्या. कॅटलिना, आयलँडर, एरिक्सन, कॅल ही नावं इथल्या कुठल्याही डॉकवर आजही वाचायला मिळतात. लाकूड कुजतं, त्याला वाळवी लागते, पण फायबरग्लासला यातलं काही होत नाही. मालक थकले, गेले, आणि बोटी तशाच तरंगत राहिल्या. त्यामुळे जुनी बोट आज दोन-पाच हजार डॉलरलाही मिळते, कधीकधी नुसतं 'घेऊन जा' म्हणूनही. मोडीत काढायची तर तिच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. राज्य सरकारची एक योजनाच आहे, नकोशी बोट स्थानिक यंत्रणेकडे सोपवायची आणि त्यांनी ती फुकट मोडीत काढायची, कारण नाहीतर लोक रात्रीतून कुठेतरी सोडून पसार होतात. म्हणजे बोट कुणालाही मिळेल. ती बांधायला जागा मिळवणं हीच खरी मारामार आहे. आणि बांधलेल्या बोटीत कायम राहायची परवानगी मिळवणं हे त्याहून अवघड.

ती परवानगी म्हणजे लिव्हअबोर्डचा दर्जा. समोरच्या गृहस्थांकडे तो आहे. स्लिपचे 544, त्यावर माणशी 350 लिव्हअबोर्ड शुल्क. त्या पैशांत अंघोळीच्या खोलीची किल्ली, पार्किंगचा एक पास आणि टपालासाठी पेटी मिळते. वीज, विमा आणि संडासाची टाकी उपसायचं पंपआउट धरून हजाराच्या वर जातात. या भागात एका खोलीच्या घराचं भाडं दोन हजारांच्या पुढे असतं, म्हणून हिशोबाने स्वस्तच. पण विमा कंपनी जुन्या बोटीला दर काही वर्षांनी सर्व्हे मागते. त्यासाठी बोट क्रेनने बाहेर काढायची, सर्व्हेअर लाकडी हातोडीने तळ ठोकून बघणार, कुठे बद्द आवाज आला की त्याची दुरुस्ती. एका सर्व्हेत वर्षभराची बचत जाऊ शकते. विमा नसेल तर मरीना ठेवून घेत नाही. शहरातल्या भाडेकरूला निदान भाडेकरूचे काही हक्क असतात. बोटीवर राहणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा करार महिन्या-महिन्याचा, आणि दर वाढल्याचा कागद दाराला नाही, डॉकवरच्या पेटीला चिकटवलेला सापडतो.

दर्जा मागून मिळत नाही, त्याला यादी असते. सॅन फ्रान्सिस्को बे कॉन्झर्व्हेशन अँड डेव्हलपमेंट कमिशन या खाडी राखणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम आहे की खाडीतल्या मरीनांत सहसा एकूण जागांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त बोटींवर माणसं राहू शकत नाहीत. तेही राहणाऱ्यांची सोय म्हणून नाही, तर रात्री डॉकवर कुणीतरी असलं की मरीना सुरक्षित राहतो म्हणून. बाकीचे चोरून राहतात. त्यांना इथे 'स्नीकअबोर्ड' म्हणतात. आमच्या करारात आठवड्याला तीन रात्रींची मर्यादा आहे. आमच्या डॉकच्या टोकाला एक नर्स आहे, इस्पितळात रात्रपाळी करते. सकाळी साडेसातला येते, वरच्या झडपेला आतून काळं कापड लावते आणि झोपते. नियमात रात्री मोजतात, आणि रात्री ती नसतेच. त्यामुळे कागदोपत्री ती इथे राहत नाही. पण सुट्टीच्या रात्री ती दिवा लावत नाही, कॉफी उकळताना वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेते, आणि खिडकी लावली की वाफ साचून गादीखाली बुरशी येते. तिच्या गादीखालची फळी मी पाहिलीय, काळे ठिपके, ओलसर, हाताला बुळबुळीत. ती दर आठवड्याला व्हिनेगरने पुसते. सगळ्यात वाईट म्हणजे संडासाच्या टाकीचं. पंपआउटची बोट ठरलेल्या दिवशी येऊन टाकी उपसून नेते, पण तिने वरचेवर बोलावलं तर ऑफिसला कळणार. म्हणून ती मरीनातल्या संडासापर्यंत चालत जाते, पावसात, पहाटे, अर्ध्या झोपेत. तिच्यासारखे सगळेच इतके काटेकोर असतील असं नाही. पाणी स्वच्छ राहावं म्हणून केलेल्या नियमाने काही लोकांना टाकी लपवायला भाग पाडावं, हे मला अजिबात पटत नाही.

हे सगळं आईला फोनवर सांगत होते. ती दापोलीला असते. तिचा पहिला प्रश्न, "अगं, होडीत राहतात म्हणजे? घर नाही का त्यांना?" मग म्हणाली, "आणि होडी ठेवायचे पैसे? कुणाला?" तिचं बालपण हर्णैच्या बंदराजवळ गेलं. तिथे होडी ठेवायची म्हणजे काय, तर पावसाच्या आधी सगळ्यांनी मिळून ती वाळूवर ओढायची, वर झाप टाकून शाकारायची आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायची. वाळू गावाची. फुटाला दर लावणारं कुणी नव्हतं. माझ्याही मनात लहानपणचं तेच चित्र आहे. शाकारलेल्या होड्यांच्या पोटाखाली आम्ही लपंडाव खेळायचो. तिथे डांबराचा, माशांच्या तेलाचा आणि ओल्या दोरांचा एक मिसळलेला वास असायचा. तो वास आजही मरीनातल्या एखाद्या जुन्या लाकडी बोटीशेजारून जाताना अवचित येतो आणि मी थांबते.

पण आईच मग म्हणाली की फुकट होतं असं म्हणू नकोस. हर्णैला धड धक्का नव्हता, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या होडीतून मासळी उतरवायला बैलगाड्या पाण्यात घालाव्या लागल्या. वादळाचा बावटा लागला की साऱ्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत पळवायच्या, आणि त्या खाडीचं तोंड गाळाने भरलेलं, ओहोटी असली की तळ टेकतो. त्या तोंडाशी फुटलेल्या होड्यांच्या गोष्टी तिला ठाऊक आहेत, घरांच्या नावांसकट. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं, तेव्हाही तिने मला फोनवर आधी घराच्या कौलांचं सांगितलं नव्हतं, होड्यांचं सांगितलं होतं. जागेचे पैसे तिथे कुणी मागितले नाहीत, पण जागा कुणी बांधूनही दिली नाही. ती हे बोलल्यावर मी माझ्या मनातली ती सुंदर वाळू जरा बाजूला ठेवली.

इथला 10 टक्क्यांचा नियम नुसता कोरडा कायदा असता, तर त्याच्यावर रागावणं सोपं होतं. तो तसा नाही. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ही खाडी भराव टाकून बुजवायचं काम जोरात चाललं होतं. एकट्या बर्कलीने 2,000 एकर पाणी भरून शहर दुप्पट करायचा आराखडा केला होता. तो पाहून 1961 मध्ये के कर, सिल्व्हिया मॅकलॉफलिन आणि एस्थर गुलिक या तिघी बायका उठल्या, घरोघरी पत्रं पाठवली, माणसं जमवली, आणि चार वर्षांत, 1965 मध्ये, राज्याला हे कमिशन नेमावं लागलं. तोवर सामान्य माणसाला या खाडीच्या काठाशी पोचता येईल अशा जागा थोड्याच उरल्या होत्या. बाकी काठ कारखान्यांचा, कचराडेपोंचा, कुंपणांचा. आज मी ज्या काठाने मुलांना सायकलवर नेते, जिथे हिवाळ्यात खाडी पाणपक्ष्यांनी भरून जाते, तो काठ त्या तिघींमुळे आहे. मी नौकानयन शिकले तेही बर्कलीच्या काठावरच्या कॅल सेलिंग क्लबमध्ये. तो स्वयंसेवक चालवतात आणि फी इतकी थोडी की नवीन आलेल्या माणसालाही परवडते. तो काठ खुला नसता तर मला शिडाचा दोर धरायला मिळालाच नसता. कायद्याचं म्हणणं असं, की भरती-ओहोटीच्या पाण्याखालची जमीन सगळ्या जनतेची, तिथे कुणी आपलं खासगी घर कायमचं थाटू नये. हे म्हणणं मला मान्य आहे. मनापासून. तेच तत्त्व पुढे करून रेडवुड सिटीच्या डॉकटाउनमधली तरंगती वस्ती हलवायचं 2016 मध्ये ठरलं, आणि लोकांना आपली राहती घरं सोडावी लागली. त्या बातम्या वाचताना तत्त्व मान्य असूनही मला नीट झोप लागली नव्हती.

मरीना परवडत नाही किंवा यादीत नंबरच लागत नाही, अशी माणसं नांगर टाकून राहतात. सॉसॅलिटोशेजारच्या रिचर्डसन बेमध्ये अशा बोटी कित्येक दशकं होत्या. दुसऱ्या महायुद्धात तिथे मरीनशिप नावाचा जहाजांचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर उरलेल्या सांगाड्यांतून, तराफ्यांतून लोकांनी घरं केली, आणि पाण्यावर राहायची तिथली रीत तेव्हापासूनची. त्यातली काही तरंगती घरं आता दहा लाख डॉलरच्या पुढे विकली जातात. त्याच पाण्यात, हाकेच्या अंतरावर, नांगरावरच्या बोटींना नियमाने 72 तासांची मुभा. 2021 मध्ये कमिशन आणि तिथली स्थानिक यंत्रणा यांच्यात करार झाला की 15 ऑक्टोबर 2026 पर्यंत नांगरावर राहणारी सगळी माणसं आणि बोटी तिथून हलवायच्या. कारण ईलग्रास. खाडीच्या तळाशी वाढणारं हे हिरवं लांब गवत. हिवाळ्यात हेरिंग मासे येऊन त्यावर अंडी घालतात, मग सीगल पक्षी येतात, सी लायन येतात. नांगराची साखळी वाऱ्याबरोबर, भरती-ओहोटीबरोबर गोल फिरते आणि तळाचं गवत खरवडून काढते. वरून काढलेल्या फोटोंत ते टक्कल पडलेले गोल स्वच्छ दिसतात, प्रत्येक बोटीखाली एक. तो फोटो पाहिल्यावर गवताच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं. आणि बोटीवरचा माणूस कुत्र्याला घेऊन, पाण्याच्या कॅनसह वल्हवत किनाऱ्याला येताना पाहिला की त्याच्या बाजूने.

दोन्ही एकाच खाडीत, एकाच दुपारी.

त्या पाण्यात एक मासा आहे, मिडशिपमन. उन्हाळ्याच्या रात्री नर दगडाखाली घर करतो आणि मादीला बोलवायला पोटातल्या हवेच्या पिशवीचे स्नायू थरथरवून एकसुरी गुंजारव करतो, तासन्‌तास. 1980 च्या दशकात सॉसॅलिटोतले तरंगत्या घरांतले लोक त्या आवाजाने हैराण झाले होते. कुणी पंपांवर संशय घेतला, कुणी जनरेटरवर. नंतर कळलं की मासा आहे. एका मैत्रिणीच्या बोटीवर रात्री राहिले होते तेव्हा मी तो ऐकला. बंकवर पडले होते, कानाखाली उशी, उशीखाली फळी, फळीखाली पाणी, आणि त्या पाण्यातून कुणीतरी खर्जातला तानपुरा लावून ठेवला होता. षड्ज हलत नव्हता. वर डोलकाठीवर दोर वाऱ्याने टिकटिक आपटत होता, शेजारच्या बोटीचे बांधलेले दोर कण्हत होते, आणि ओहोटी लागली तशी बोट अगदी सावकाश एका अंगाला कलली. तेव्हा मला कळलं की समोरचे गृहस्थ 33 फुटांत, ओल्या गाद्यांत, महिन्या-महिन्याच्या करारावर का राहतात. केवळ परवडतं म्हणून नाही. मी विचारलं तेव्हा ते तसंच म्हणाले होते, पण मला ते पुरेसं उत्तर वाटलं नव्हतं. आता वाटतं, त्यांनी पैशांचंच सांगितलं कारण दुसरं सांगायला लाज वाटते. निवाऱ्याच्या प्रश्नावर बोलताना माणसाने आनंदाचं नाव काढायचं नसतं, जणू स्वस्तात राहणाऱ्याला आपलं घर आवडायचा हक्क नाही.

म्हणून मला हा प्रश्न नुसता महागाईचा वाटत नाही. जागेचे पैसे द्यावेच लागतील. धक्के, खांब, वीजवाहिन्या खाऱ्या पाण्यात सतत सडत असतात आणि त्या दुरुस्त करायला खर्च येतो, तो बोटवाल्यांनी नाही तर कुणी द्यायचा? पण डेव्हिट्स मोजून पैसे घेण्याला माझा विरोध आहे. ते पाण्याच्या वर, स्लिपच्या मागच्या मोकळ्या हवेत होते, कुणाची वाट अडवत नव्हते. लांब बोटीला लांब जागा लागते हे खरं, पण तिथे जागा वाढली नव्हती, फक्त टेप पुढे गेली होती. आणि त्या हिशोबात एका माणसाने ला पाझला न्यायची आपली तयारी करवतीने कापली. हे मी मरीनाच्या ऑफिसला लिहून दिलंय. उत्तर आलेलं नाही.

10 टक्क्यांचं मात्र ऑफिसच्या हातात नाही, ते कमिशनच्या हातात आहे. कमिशनच्या बैठका जनतेला खुल्या असतात, कुणालाही उभं राहून थोडक्यात बोलता येतं. मी जाणार आहे. तो नियम काढून टाका असं मी म्हणणार नाही. त्या तिघींनी राखलेल्या पाण्यावर निवासी कॉलन्या उभ्या राहाव्यात असं मला वाटत नाही. पण ज्या मरीनात अंघोळीच्या खोल्या आहेत, पंपआउट नियमित होतं, टाक्यांची तपासणी होते, तिथे आकडा 10 वरच का अडावा हे मी विचारणार आहे. आज जे चोरून राहतात त्यांना नोंदवा, त्यांच्या टाक्या उपसा, त्यांच्याकडून रीतसर शुल्क घ्या. ते आधीपासून तिथेच आहेत. त्याने खाडीत बोटी नव्या येणार नाहीत, गवतावर साखळ्या पडणार नाहीत, आणि रिचर्डसन बेमधून उठवलेल्यांपैकी ज्यांची बोट धड आहे त्यांना यादीत येता येईल.

समोरचे गृहस्थही येतो म्हणालेत. बैठक गुरुवारी दुपारी 1 वाजता असते, आणि ती नर्सच्या झोपेची वेळ. शिवाय ती तिथे उभी राहिली तर तिची बोटच जायची. मागच्या आठवड्यात तिच्या कॉकपिटमध्ये बसून तिचं म्हणणं मी कागदावर उतरवून घेतलं, दीड पान झालंय. नाव आणि मरीना गाळून मी ते वाचून दाखवणार आहे. वेळ थोडा मिळतो, त्यामुळे माझं स्वतःचं बोलणं निम्म्यावर आणायचं काम सध्या चालू आहे.